क्लचप्लेट बदलली आणि एसी उचलेनासा झाला: गॅस भरण्याआधी काय तपासायचं

आमची गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिची क्लचप्लेट बदलली. गाडी घरी आली त्या दिवसापासून एसीचं तंत्र बिघडलं ते मे संपत आला तरी जागेवर येईना. या दीड महिन्यात दोनदा गॅस भरून झाला, एकाने कंप्रेसरच (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला म्हणून सांगितलं, आणि शेवटी दोष निघाला तो बोटाच्या पेराएवढ्या एका थिंबलखाली (थिंबल म्हणजे तारेच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची कडी). ज्यांच्या गाडीचा एसी दुसऱ्याच कुठल्यातरी कामानंतर बिघडला आहे (क्लचप्लेट, टायमिंग बेल्ट, रेडिएटर, बंपरचं डेंटिंग-पेंटिंग, म्युझिक सिस्टिम, काहीही) आणि ‘त्याचा याच्याशी काही संबंध नाही’ एवढं ऐकून जे परत आले आहेत, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

लक्षण काय होतं

आम्ही भुसावळला राहतो. बाबांचं डायलिसिस जळगावला असतं, आठवड्यातून दोनदा. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. आमच्याकडच्या मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना तहान तर लागतेच, पण घोट मोजलेले असतात. त्यामुळे या पंचवीस किलोमीटरच्या रस्त्यावर एसी असणं आमच्या घरात चैनीत मोडत नाही.

सकाळी गाडी सुरू केली की एसी उत्तम चाले. साकेगावचा वाघूरचा पूल ओलांडेपर्यंत आतलं सगळं गार. नशिराबाद आलं की, म्हणजे साधारण वीस मिनिटांनी, जाळीतून येणारी हवा आधी दमट व्हायची आणि मग कोमट. ब्लोअर तेवढ्याच जोरात, बटणावरचा दिवाही चालू. दवाखान्याच्या आवारात गाडी चार तास उभी राहिली की परतीच्या वाटेवर पुन्हा वीस मिनिटं गार, आणि पुन्हा तेच. बाबा काही बोलत नसत. ओला रुमाल मानेवर ठेवून खिडकीची काच चार बोटं खाली करत, त्यावरून मला कळायचं.

ही वीस मिनिटं लक्षात ठेवा. सगळा उलगडा त्यातच होता. मी ती प्रत्येक ठिकाणी सांगितली, पण प्रत्येकाने तोवर गॅसचे मीटर हातात घेतलेले होते.

गॅस भरला की दोन दिवस ठीक, असं का होत होतं

ज्या गॅरेजमध्ये क्लचप्लेट बदलली तिथल्या मिस्त्रींना मी आधी विचारलं. ते म्हणाले, “ताई, आम्ही गिअरबॉक्स उतरवला. एसीच्या एका पाइपलासुद्धा हात लावला नाही.” ते खोटं बोलत नव्हते. मग एसीवाल्याकडे गेले. गाडी त्याच्या दारात पोचली तेव्हा एसी बंदच पडलेला होता. त्याने मीटर जोडले. सक्शन (कंप्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा दाब) आणि डिस्चार्ज (बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) दोन्ही काटे १३० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास, एकाच जागी. “गॅस कमी वाटतोय,” म्हणून त्याने होता तो काढला, व्हॅक्यूम लावलं, नवा भरला. दीड तासाने एसी सुरू केला तर बर्फासारखी हवा. १८०० रुपये देऊन मी समाधानाने घरी आले. तिसऱ्या दिवशी नशिराबादला परत कोमट.

इथे एक गोष्ट समजून घेणं फार गरजेचं आहे. कंप्रेसर फिरत नसेल तेव्हा मीटरवर दिसणारा दाब गॅस किती आहे ते सांगतच नाही. आर-१३४ए हा गॅस पाइपात थोडा जरी द्रवरूपात शिल्लक असेल तरी त्याचा दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो: ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय, ४० अंशांना १३० च्या थोडा वर. आत २५० ग्रॅम असो की ४५०, काटा तिथेच उभा राहणार. म्हणजे त्या दिवशी त्या मीटरवरून एवढंच कळत होतं की आत थोडाफार गॅस आहे आणि बाहेर ऊन आहे.

आणि तरी गॅस भरल्यावर एसी चालला कसा? कारण त्या दीड तासात बॉनेट उघडं होतं आणि इंजिन बंद. कंप्रेसर थंड झाला. आमचा बिघाड कंप्रेसर तापल्यावरच दिसणारा होता, त्यामुळे तो थंड व्हायला मिळालेला वेळ हाच खरा इलाज होता. गॅसचा त्यात काही वाटा नव्हता. कितीतरी लोक उन्हाळ्यात दोन-दोन, तीन-तीनदा गॅस भरत बसतात त्यामागे हे कारण असू शकतं, असं मला आता खात्रीने वाटतं. गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठूनतरी गळलेला असतो, आणि गळती दाखवल्याशिवाय नुसता गॅस भरायला सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

दुसऱ्या ठिकाणी मी गेले तेव्हा तिथल्या मुलाने वजन न करता वरून थोडा गॅस ‘टॉपअप’ केला. त्याने पुढे आणखी एक घोळ झाला, तो खाली सांगते. तिसऱ्याने बॉनेट उघडून कंप्रेसरकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “क्लच उचलत नाही. कंप्रेसर बदलावा लागेल.” त्याचं पहिलं वाक्य अगदी बरोबर होतं. दुसरं चुकीचं.

कंप्रेसर ‘उचलतो’ म्हणजे काय

कंप्रेसरच्या तोंडावर पुली असते आणि ती बेल्टवर सतत फिरत असते, एसी चालू असो नसो. तिच्यापुढे एक पोलादी चकती असते. पुलीच्या मागे तारेचं गुंडाळं, म्हणजे कंप्रेसरच्या क्लचची कॉइल (गिअरच्या क्लचप्लेटहून हा क्लच वेगळा). एसी चालू केला की कॉइलला १२ व्होल्टचा करंट मिळतो, तिचा लोहचुंबक होतो, चकती ‘टक्’ आवाज करून पुलीला चिकटते आणि कंप्रेसर फिरायला लागतो. चकती आणि पुली यांच्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट असते. ही फट ओढून बंद करायला जास्त ताकद लागते; एकदा चकती चिकटली की धरून ठेवायला फार थोडी पुरते.

आता वीस मिनिटांचा हिशोब जुळतो. मे महिन्यात तापलेली गाडी गार करताना कंप्रेसर सुरुवातीला अखंड चालतो, कट होतच नाही. डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी कूलिंग कॉइल पुरेशी गार झाली, गोठायच्या बेताला आली, की तो पहिल्यांदा कट होतो. आमच्या गाडीत ही वेळ नशिराबादला यायची. कट होणं बरोबरच होतं, पण नंतर त्याने पुन्हा उचलायला हवं होतं, आणि तेवढी ताकद त्याच्यात उरत नव्हती. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. इंजिनच्या कडेला ७० अंशांनी तापलेल्या कॉइलचा रेझिस्टन्स पाव भागाहून जास्त वाढतो आणि करंट पाचव्या भागाहून जास्त कमी होतो. त्यात वाटेत कुठे व्होल्टेज गळत असेल तर चुंबकाची ओढ निम्म्याच्याही खाली जाते, कारण ओढ करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते.

‘काय काय सोडलं होतं?’

आमच्या गल्लीत एक काका राहतात, भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर इंजिनांची वायरिंग पाहिलेला माणूस. एका संध्याकाळी मी उघड्या बॉनेटपुढे उभी होते तेव्हा ते आले, सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “बेटा, गॅस राहू दे बाजूला. क्लचप्लेट बदलताना त्यांनी काय काय सोडलं होतं, ते विचार.”

दीड महिन्यात हा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता. मी विचारत होते, ‘एसीला काही केलंत का?’ त्याचं खरं उत्तर ‘नाही’ हेच होतं. मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी भराभर सांगितलं: बॅटरी, बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, स्टार्टर, दोन्ही अॅक्सल, गिअरच्या केबल, आणि गिअरबॉक्सवरच्या वायरिंगच्या क्लिपा. काका म्हणाले, “क्लिपा म्हणजे अर्थ पण सोडला असेल. तो परत कुठे बसवला, तेवढं विचार.” अर्थ म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी तार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुद्दाम गाडी फिरवून आणली. एसी कोमट झाल्यावर इंजिन बंद न करताच मल्टिमीटर लावला. हे महत्त्वाचं आहे: बिघाड हजर असताना मोजायचं, तो निघून गेल्यावर मोजून उपयोग नाही. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. कंप्रेसरच्या कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये) मागून पिना लावून दोन तारांमध्ये पाहिलं तर १०.६. म्हणजे कॉइलला आदेश येत होता, करंटही येत होता, पण ३.३ व्होल्ट वाटेतच जात होते. मग काकांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी कंप्रेसरच्या अर्थच्या तारेला लावली. तिथे शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. आला २.९.

ती तार बॅटरीच्या ट्रेखालून जाऊन गिअरबॉक्सवरच्या एका बोल्टला बसत होती. ट्रे काढला. बोल्ट हाताला घट्ट लागत होता, तरी पाना लावल्यावर अर्धा फेरा सहज फिरला. थिंबल उचललं तर खाली चकचकीत चंदेरी रंग. काम झाल्यावर गिअरबॉक्स छान दिसावा म्हणून त्यांनी त्यावर अॅल्युमिनियम पेंट मारला होता आणि थिंबल त्या रंगावरच बसवलं होतं. रंगाच्या थरावर बोल्टच्या आट्यांनी जेवढा ओरखडा पडला होता, तेवढ्यातूनच करंट जात होता. थिंबलच्या काठाला काळपट जळकी कड आलेली दिसत होती.

पॉलिश पेपरने जागा घासून उघडा धातू काढला, थिंबल घासलं, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस लावलं. परत मोजलं: अर्थच्या बाजूला ०.१. कॉइलवर १३.४. एसी टक् करून उचलला, कट झाला, परत उचलला.

काकांनी मला एक गोष्ट नीट समजावली ती इथे सांगायलाच हवी. मधल्या काळात एका इलेक्ट्रिशियनने हीच तार मल्टिमीटरचा बझर लावून तपासली होती आणि ‘ओके’ म्हटली होती. बझर वाजला म्हणजे तार तुटलेली नाही एवढंच कळतं. दहा धाग्यांपैकी एकच शाबूत असला तरी बझर वाजतो. जोड चांगला आहे की नाही हे त्यातून लोडचा करंट जात असतानाच कळतं. म्हणून अर्थ तपासायचा तो एसी चालू ठेवून, व्होल्टवर. ०.२ च्या वर आकडा गेला की जोड उघडून पाहावा. काही कंप्रेसरना वेगळी अर्थची तार नसते, त्यांचा अर्थ बॉडीतूनच होतो. तिथे दुसरी पिन कंप्रेसरच्या उघड्या धातूला लावायची.

कोणत्या कामात कशाला धक्का लागतो

गाडीच्या पुढच्या भागात एसी एका जागी नसतो, तो सगळीकडे पसरलेला असतो. म्हणून ‘संबंध नाही’ असं काम त्या भागात जवळजवळ नसतंच.

बंपर काढला तर थेट कंडेन्सरसमोर (रेडिएटरपुढची, गॅसची उष्णता बाहेर सोडणारी जाळी) हात जातो. डेंटिंग-पेंटिंगनंतर एसी बिघडला असेल तर आधी रेडिएटरच्या पंख्याचा कपलर पाहा. मग कंडेन्सरच्या दोन्ही बाजूंना असणारे फोमचे आणि प्लॅस्टिकचे पट्टे जागेवर आहेत का ते. हे पट्टे फालतू वाटतात म्हणून अनेकदा परत बसवलेच जात नाहीत. मग रेडिएटरची गरम हवा फिरून पुन्हा कंडेन्सरवर येते. अशी गाडी हायवेवर गार असते आणि सिग्नलला गरम. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाड्यांत जाळीमागे बाहेरचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो. त्याचा कपलर लावायचा राहिला तर डॅशबोर्डवर उणे ४० असा आकडा येऊ शकतो, आणि इतक्या ‘थंडीत’ गाडी कंप्रेसरला चालूच होऊ देत नाही. गॅसवाल्याकडे जाण्याआधी हा आकडा बघायला काहीच लागत नाही.

रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा कूलंट बदललं असेल तर दोन गोष्टी. कूलिंग सिस्टिममध्ये हवा अडकली तर इंजिन जास्त तापतं आणि इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर सगळ्यात आधी एसी तोडतो. दुसरं, पंख्याची मोटर बदलताना तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो. गाडी उभी असताना एसी चालू करून जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटायला हवा. लांब उडत असेल तर कारण सापडलं.

टायमिंग बेल्ट, अल्टरनेटर, इंजिन माउंटिंग या कामांत बऱ्याचदा कंप्रेसर सोडून बाजूला टांगून ठेवतात. पाइप न उघडता हे करता येतं आणि ते चुकीचं नाही. पण पाइपला पीळ बसला, किंवा क्लचची तार आधीच्या क्लिपेत न अडकवता सायलेन्सरजवळ लोंबत राहिली, तर बिघाड आठवड्याभराने समोर येतो. बेल्ट ढिला असेल तर एसी उचलताना किंचाळल्यासारखा आवाज येतो.

सीएनजी किट बसवल्यानंतरची तक्रार बरीच असते. तिथे रेग्युलेटरचा ब्रॅकेट एसीच्या अॅल्युमिनियमच्या पाइपाला टेकलाय का हे टॉर्चच्या उजेडात नीट पाहा. इंजिनच्या थरथरीने पाइप त्याच्यावर घासत राहतो आणि काही महिन्यांनी सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. अशा वेळी गॅस खरंच गळलेला असतो. त्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही बाहेर येतं.

डॅशबोर्ड उघडला असेल, मग ते म्युझिक सिस्टिमसाठी का असेना, तर बिघाडाचं रूप वेगळं असतं. कंप्रेसर व्यवस्थित उचलतो पण हवा कोमट, म्हणजे गरम-थंड करणाऱ्या झडपेची केबल निसटलेली असू शकते. हवा गार आहे पण तासाभरात ती येणंच कमी होत जातं आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येते, म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तिच्यावरचा तापमानाचा सेन्सर जागेवरून निघालेला असण्याची शक्यता मोठी. आणि पायाखालची मॅट ओली लागत असेल तर पाणी बाहेर सोडणारी नळी लावायची राहिली आहे.

घरी काय करता येतं

सगळ्यात आधी ओढणी, बांगड्या, सैल बाह्या आवरा. इंजिन चालू असताना बेल्टजवळ हात न्यायचा नाही, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हे विसरायचं नाही.

इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर पूर्ण. दुसऱ्या माणसाला आत बसवून बटण चालू-बंद करायला सांगा आणि तुम्ही लांबून कंप्रेसरची पुढची चकती पाहा. बाहेरची पुली फिरतच असते, तिच्यावरून काही ठरवू नका. चकती स्थिर असेल तर दोष वायरिंग, फ्यूज, रिले, प्रेशर स्विच (गॅसचा दाब फार कमी किंवा जास्त झाला की कंप्रेसर बंद करणारा), सेन्सर किंवा क्लचमध्ये. चकती फिरते आहे आणि तरी हवा कोमट, तर गॅस, पंखा, कंडेन्सर किंवा आतली झडप. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धा रस्ता कापला जातो. काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला कंप्रेसर असतो, त्याची चकती कायम फिरते. तिथे ही परीक्षा चालत नाही.

चकती स्थिर असेल तर फ्यूज पाहा आणि एसीचा रिले हॉर्नच्या रिलेशी बदलून पाहा. फक्त दोन्हींवर छापलेला नंबर सारखा हवा. मग झालेल्या कामाच्या आजूबाजूचा प्रत्येक कपलर हाताने दाबून बघा. नीट बसलेला कपलर पुन्हा ‘टक्’ करत नाही, अर्धवट बसलेला करतो. तरीही नाही सापडलं तर वर सांगितलेली व्होल्टेजची मोजणी. साधा मल्टिमीटर पुरतो.

प्रेशर स्विच वायर टाकून बायपास करणारे लोक असतात. ते करू देऊ नका. गॅस खरंच संपलेला असेल तर तेल न मिळाल्याने कंप्रेसर खरोखरच जळेल. आणि एसीचा कुठलाही पाइप घरी उघडायचा नाही. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा द्रव बोटावर किंवा डोळ्यावर उडाला तर इजा गंभीर होते.

त्यानंतरही सिग्नलला गरम

थिंबल घासल्यावर नशिराबादचा प्रश्न सुटला. पण जळगावात अजिंठा चौफुलीच्या गर्दीत गाडी उभी राहिली की एसी तुटायचा, गाडी धावायला लागली की परत सुरू. मी घाबरले होते, पण हा वेगळा बिघाड होता आणि तो दुरुस्तीतूनच आला होता. वजन न करता भरलेला तो टॉपअप. आमच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर ४२० ग्रॅम लिहिलं आहे. ज्यांच्याकडे गॅस परत खेचून त्याचं वजन करणारं मशीन आहे अशा ठिकाणी गेले, तर आतून ५६० ग्रॅम निघाला. जास्तीचा गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन साचतो, उष्णता सोडायला जागाच कमी उरते, आणि उभ्या गाडीत दाब वाढत जातो. आमच्यासमोर डिस्चार्जचा काटा ४०० च्या वर सरकला आणि सेन्सरने कंप्रेसर तोडला. नेमका ४२० ग्रॅम भरल्यावर ते थांबलं. नव्या गाड्यांपैकी काहींत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो. तो आणि आर-१३४ए एकमेकांत मिसळायचे नाहीत, तेव्हा स्टिकर वाचूनच भरायला द्या.

त्याच ठिकाणी मी क्लचची फट मोजून घेतली. फीलर गेजने ०.९ मिलिमीटर आली. नऊ वर्षांत चकती झिजून फट वाढली होती. क्लचप्लेटचं काम होईपर्यंत कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळत होतं म्हणून ती वाढलेली फटही ओढली जात होती. मधली एक शिम (पातळ वॉशर) काढून ती ०.५ वर आणली. म्हणजे कंप्रेसर बदलायला सांगणाऱ्याला क्लच कमजोर झालेला दिसला होता, ते खरंच होतं; पण त्याला एक शिम आणि एक घासलेला बोल्ट पुरेसा होता. सगळ्याच कंप्रेसरना शिम नसतात, पण ज्यांना असतात तिथे नवा कंप्रेसर घेण्याआधी फट मोजायला सांगाच.

गाडी ताब्यात घेताना

गाडी कोणत्याही कामाला देण्याच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडून चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कपलर कुठे होता, तार कुठल्या क्लिपेतून गेली होती, हे नंतर त्या फोटोवरूनच कळतं. एसी चालवून जाळीत साधा थर्मामीटर धरा आणि आकडा लिहून ठेवा.

काम झाल्यावर मिस्त्रींना शांतपणे विचारा, “काय काय सोडावं लागलं?” हा प्रश्न आरोपासारखा वाटत नाही आणि माणूस सरळ उत्तर देतो. आमच्या मिस्त्रींना मी ते रंगाचं थिंबल दाखवलं तेव्हा त्यांनी स्वतः बॅटरीचा ट्रे पुन्हा काढला आणि त्याखालचे उरलेले दोन अर्थही घासून दिले. पैसे घेतले नाहीत. आता ते रंग मारण्याआधी अर्थच्या जागांवर कागदी टेप लावतात.

आणि गॅरेजच्या दारातच एसी गार लागतो म्हणून निघू नका. आमचाही लागत होता. वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवा, कंप्रेसर किमान दोनदा कट होऊन दोनदा परत उचलतोय हे कानाने ऐका, मग दोन मिनिटं गाडी उभी ठेवून तोच आवाज पुन्हा ऐका, आणि मगच किल्ली खिशात टाका.